दारू नाही, तर मग सरबतच म्हणा ना! (तुम्ही विचारलेत म्हणून)

आमच्या नागपूरच्या घरी जेवायला येणारे निम्मे पाहुणे एक प्रश्न उघडपणे विचारतात आणि उरलेले तो मनात ठेवतात. हातातला ग्लास उजेडात धरून, एक घोट घेऊन आणि भुवया उंचावून ते म्हणतात, "यात दारू नाही ना? मग कॉकटेल कशाला म्हणता, सरबत म्हणा की!" पाहुणे समोर असताना मी हसून वेळ मारून नेते, कारण उत्तर लांब आहे आणि तोवर पोळ्या गार होतात. तेच उत्तर आज सवडीने लिहीत आहे.

सात वर्षांपूर्वी औषधोपचारांमुळे मी मद्य सोडले. त्याचे फारसे दुःख झाले नाही. खरा त्रास झाला तो समारंभांत, जिथे इतरांच्या हातातले ग्लास तासभर पुरत आणि माझ्या हातातले निळे किंवा केशरी, वरून चेरी लावलेले गोड पाणी दोन मिनिटांत संपे. एका मोठ्या हॉटेलात तर एका संध्याकाळी मी असे चार ग्लास रिचवले आणि घरी आल्यावर जेवणच गेले नाही. सरबत आणि कॉकटेल यांतला फरक मला तिथे कळला. सरबत तहान भागवण्यासाठी असते, उन्हातून आलेल्या माणसाने ते घटाघटा प्यावे हेच त्याचे सार्थक. कॉकटेल मात्र मुद्दाम रेंगाळत पिण्यासाठी रचलेले असते, आणि त्याची गती रोखून धरण्याचे काम त्यातले मद्य करते. मद्य काढून घेतले की तो अडसर जातो. मग त्याच्या जागी दुसरा अडसर उभा करावा लागतो, आणि साखरेला ते काम कधीच जमत नाही.

आपल्याकडे सहा रस सांगितले आहेत, त्यांचा इथे फार उपयोग होतो. लिंबाच्या सरबतात गोड, आंबट आणि खारट हे तीन असतात, आणि हे तिन्ही घोट पुढे ढकलणारे आहेत. तिखट, कडू आणि तुरट हे उरलेले तीन जिभेला थांबवतात. माझ्या ग्लासात या तिघांपैकी निदान दोन असल्याशिवाय मी त्याला कॉकटेल म्हणत नाही.

तिखटाचे काम सर्वांत सोपे आहे. मिरचीतले कॅप्सेसिन जिभेवरच्या, जळजळ टिपणाऱ्या ज्या ग्राहींना चेतवते, त्यांनाच अल्कोहोलही चेतवते. म्हणूनच कडक मद्याचा घोट घशातून जळत उतरल्यासारखा वाटतो. तीच ऊब आल्याने मिळते. आले किसून, पिळून रस वाटीत दहा मिनिटे स्थिर ठेवावा, म्हणजे तळाशी पांढरा साका बसतो. वरचा स्वच्छ रस तेवढा अलगद ओतून घ्यावा, नाहीतर पेय पिठूळ लागते. मिऱ्याचा मोह अनेकांना होतो, पण मिऱ्याचा तिखटपणा पाण्यात फारसा उतरत नाही. मिरी पाण्यात उकळली तर वास येतो, ठसका येत नाही.

कडूपणाविषयी मात्र मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण सगळी गंमत तिथे आहे. जगभरच्या बारमध्ये कॉकटेलमध्ये थेंब-थेंब टाकतात ते अंगोस्तुरा बिटर्स १८२४ साली व्हेनेझुएलात एका जर्मन डॉक्टरने औषध म्हणून तयार केले. त्यात जेन्शियन नावाच्या वनस्पतीचे कडू मूळ असते, पण त्याचबरोबर सुमारे ४४.७ टक्के अल्कोहोलही असते. दोन थेंबांनी काय होते, असे म्हणणारे म्हणोत. ज्याने मद्य पूर्ण सोडले आहे त्याला न सांगता ते घालणे मला गैर वाटते. मग पर्याय काय, असा विचार करताना मला आजीच्या फडताळातले काडेचिराईत आठवले. ताप आला की ती त्याच्या काड्या रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी नाक दाबून पाजत असे आणि आम्ही मुले परसात पळत असू. हे काडेचिराईत त्याच जेन्शियनच्या कुळातले आहे! पुढे हे वाचनात आले तेव्हा आजीची क्षमा मागावीशी वाटली. चार-पाच काड्या अर्धा कप उकळत्या पाण्यात वीस मिनिटे झाकून ठेवाव्यात, गाळून ते पाणी ड्रॉपरच्या लहान बाटलीत भरावे आणि ग्लासाला चार थेंब घ्यावेत. पाचवा थेंब पडला की पेयाचे औषध होते. बाटली फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

तुरटपणासाठी चहाइतके हाताशी असलेले दुसरे काही नाही. चहातले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवते, त्यामुळे जीभ कोरडी पडल्यासारखी होते. रेड वाइनच्या घोटानंतर हेच होते. इथे गृहिणीची सवय मोडावी लागते, कारण एरवी चहा कडवट होऊ नये म्हणून आपण जपतो आणि इथे तो मुद्दाम पाच मिनिटे मुरवायचा असतो. जूनमध्ये जांभळे आली की चहाचीही गरज उरत नाही.

आता पेयाच्या अंगाविषयी. मद्य असलेले पेय तोंडात जरा दाट लागते, तर नुसते पाणी आणि रस पातळ लागतात. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी बारमध्ये यासाठी साखरेच्या पाकात बाभळीच्या जातीचा डिंक घालत असत, हे वाचून मला हसू आले, कारण आपण तो डिंक लाडवांत घालून बाळंतिणीला देतो. पहिल्या प्रयत्नात मी घाईने डिंकाऐवजी कतिरा आणला. कतिरा विरघळत नाही, फुगतो. सकाळी पातेलेभर थरथरणारी जेली तयार होती आणि ती दोन दिवस आमच्या घरी दुधातून संपवावी लागली. खायचा डिंक आणावा, तो तेवढ्याच कोमट पाण्यात रात्रभर भिजवून मलमलच्या कापडातून गाळावा आणि दोन वाट्या साखर व एक वाटी पाणी यांच्या पाकात दोन-तीन चमचे मिसळावा. पाक पातळच राहतो, पण जिभेवर रेशमासारखा पसरतो.

वासाची अडचण वेगळी आहे. फळांच्या सालींतली सुगंधी तेले अल्कोहोलमध्ये सहज विरघळतात, पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून ती पेयात मिसळण्याचा हट्ट सोडून वरच तरंगती ठेवावीत. संत्र्याच्या सालीचा बोटभर तुकडा घ्यावा, आतला पांढरा भाग सुरीने खरवडून टाकावा आणि केशरी बाजू ग्लासाकडे करून तो चिमटीत दाबावा. दिव्यासमोर धरले तर बारीक फवारा उडताना दिसतो आणि पेयावर तेलाचा अगदी पुसट तवंग येतो. पहिला घोट घेण्यासाठी नाक ग्लासाजवळ जाते तेव्हा अर्धी चव तिथेच लागते.

माझ्या नेहमीच्या पेयाचे एका ग्लासाचे प्रमाण असे आहे: थंड केलेला कडक, बिनदुधाचा चहा ७५ मिलिलीटर, आमसुले भिजवून पिळलेले पाणी २० मिलिलीटर, डिंकाचा पाक १५ मिलिलीटर, आल्याचा रस एक चहाचा चमचा आणि काडेचिराईताचे चार थेंब. हे सारे बर्फाबरोबर झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून फक्त सात-आठ सेकंद हलवावे. मद्याचे कॉकटेल शेकरमध्ये शून्याखाली पाच-सहा अंशांपर्यंत गार होते आणि बर्फाच्या पाण्याने थोडे सैल झालेले त्याला चालते. आपले पेय शून्याच्या आसपासच थांबते आणि त्यापुढे नुसते पाणचट होत जाते. उरलेला गारवा ग्लासाने द्यावा, म्हणून ग्लास तासभर आधी फ्रीजरमध्ये ठेवावेत. वर संत्र्याची साल दाबावी. पुदिन्याची काडी, छोटी छत्री आणि चेरी यांना माझ्याकडे मनाई आहे.

बाजारात बिनअल्कोहोलची तयार 'स्पिरिट्स' मिळतात. ती महाग आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच बाटल्या मला वासाच्या पाण्यासारख्या वाटल्या. टॉनिक वॉटरचा कडवटपणा चांगला असतो, पण त्यात साखर बरीच असते, तेव्हा पाक कमी करावा. घरी आंबवलेल्या जिंजर बिअरमध्ये आणि कोंबुचामध्ये थोडे अल्कोहोल तयार होते, हे पाहुण्यांना आधी सांगावे. आणि व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाला मद्यासारखी चव मुळीच नको असू शकते. अशा पाहुण्याला मी बाजूला घेऊन विचारते आणि तो म्हणेल तर खरोखरच लिंबाचे सरबत देते.

काडेचिराईताच्या बाटलीवर मात्र ठळक अक्षरांत नाव लिहून ठेवा. आमच्याकडे एका पाहुण्यांनी ते कडू पाणी पाक समजून चमचाभर ग्लासात ओतले होते. त्या संध्याकाळी त्यांचा तो एकच ग्लास जेवणाची ताटे उचलेपर्यंत पुरला.