सुटलेल्या झेलाचा हिशोब

"तुम्ही क्रिकेटच्या मैदानावर वही घेऊन बसणाऱ्या. बेसबॉलच्या आकड्यांत तुम्हाला एवढं काय सापडतं?" स्कोअरर मंडळी मला हे हमखास विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

काही वर्षांपूर्वी मुलांच्या एका सामन्यात आमच्या डावखुऱ्या स्पिनरच्या चेंडूवर स्लिपमध्ये अगदी सोपा झेल सुटला. फलंदाज तेव्हा चारवर होता, पुढे त्याने सत्तर काढल्या. वहीत काय उरलं? फलंदाजाच्या सत्तर आणि आमच्या पोराच्या नावावर फुटलेल्या धावा. झेल सुटला तो चेंडू मी टिंब देऊन मोकळी झाले होते, कारण आपल्या वहीत दुसरी सोयच नाही.

बेसबॉलमध्ये ती सोय आहे. सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्याला तिथे बॉक्स स्कोअर म्हणतात. तो रुजवणारे हेन्री चॅडविक मूळचे इंग्लंडचे आणि न्यूयॉर्कमध्ये क्रिकेटच्या बातम्या देणारे, म्हणजे आपल्याच घरातले.

माझा आवडता बॉक्स स्कोअर २६ मे १९५९चा, अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या सामन्याचा. पाहुण्या पिट्सबर्ग संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हार्वी हॅडिक्स, अंगात सर्दी-ताप असताना, सलग ३६ फलंदाजांना बाद करतो. १२ इनिंग, दर इनिंगला तीन बाद, आणि एकही जण बेसवर, म्हणजे धाव पुरी करताना गाठायच्या टप्प्यावर, पोचलेला नाही. पण मिलवॉकीचा पिचर लू बर्डेट याच्यावरही पिट्सबर्गला धाव काढता येत नाही. तेराव्या इनिंगमध्ये तिसऱ्या बेसवरचा पिट्सबर्गचा क्षेत्ररक्षक डॉन होक याची फेक चुकते आणि मिलवॉकीचा फेलिक्स मॅन्टिया पहिल्या बेसवर पोचतो. एडी मॅथ्यूज बंट करून, म्हणजे चेंडू बॅटने हळूच टेकवून, त्याला दुसऱ्या बेसवर ढकलतो, हँक आरनला मुद्दाम खेळू न देता पहिल्या बेसवर चालत जाऊ देतात आणि जो ॲडकॉक चेंडू थेट कुंपणापार मारतो. सामना संपला असं समजून आरन मधूनच वळतो, मागून आलेला ॲडकॉक त्याच्या पुढे जातो आणि पुढच्या धावणाऱ्याला ओलांडल्यामुळे बाद ठरतो. दुसऱ्या दिवशी लीगचे अध्यक्ष वॉरन जाइल्स होम रनचा, म्हणजे कुंपणापारच्या फटक्याचा, डबल, म्हणजे दोन बेसांचा फटका, करतात. उरते फक्त मॅन्टियाची धाव, निकाल १-०.

आता तक्ता बघा. हिट म्हणजे फलंदाजाला बेसवर पोचवणारा फटका, चूक म्हणजे क्षेत्ररक्षकाची. पिट्सबर्ग : ० धावा, १२ हिट, १ चूक. मिलवॉकी : १ धाव, १ हिट, ० चुका. बारा हिट करणारा संघ हरलाय! हॅडिक्सच्या ओळीत १२⅔ इनिंग, १ हिट, १ धाव, आणि त्याच्या पुढच्या रकान्यात शून्य. हा रकाना 'अर्न्ड रन'चा, पिचरच्या स्वतःच्या खात्यावर पडणाऱ्या धावांचा. होकच्या चुकीतून आलेली धाव हॅडिक्सच्या माथी मारलेली नाही. हार मात्र त्याच्याच नावावर आहे, तीही लपवलेली नाही. १९९१ साली नियम बदलून त्याची ही कामगिरी नो-हिटरच्या, म्हणजे एकही हिट न देता पुऱ्या केलेल्या सामन्यांच्या, अधिकृत यादीतून काढली. मला ते अजून पटलेलं नाही. पण तक्त्यातलं ते शून्य कुणी पुसू शकलं नाही, आणि मी परत परत बघते ते त्यासाठीच.

खाली चुकांच्या ओळीत होकचं नावही छापलेलं आहे, आणि ते वाचताना दरवेळी वाईट वाटतं.

आता झेल सुटला की मी समासात पेन्सिलीने बारीक खूण करते आणि गोलंदाजाचं नाव लिहिते. सोडणाऱ्याचं नाव लिहायला हात होत नाही. चौदा-पंधरा वर्षांची पोरं असतात, डाव संपला की वही बघायला आधी तीच धावत येतात.