किकीचा झाडू बंद का पडतो

‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ हा जपानी अॅनिमेशनपट बघून झाला की मुलं हमखास विचारतात, झाडूवरून उडणाऱ्या किकीची जादू गेली कशानं? मग मोठी माणसं ‘अगं, तिला ताप आला होता ना’ असं काहीतरी सांगून वेळ मारून नेतात. पण ताप दोन प्रसंग आधीच उतरलेला असतो. झाडू बंद पडतो त्याची कारणं वेगळी आहेत, आणि ती एकेक करून आधीच पेरलेली आहेत. एकदा ती दिसायला लागली की हा ‘गोड’ म्हणून सोडून दिला जाणारा चित्रपट किती काटेकोर बांधलाय ते कळतं.

आधी जुजबी माहिती. एइको कादोनो यांची कादंबरी १९८५ची, हायाओ मियाझाकींचा स्टुडिओ घिबलीसाठीचा चित्रपट २९ जुलै १९८९ला जपानमध्ये लागला. लांबी पावणेदोन तासांच्या आतली. तेरा वर्षांची झाली की चेटकिणीच्या मुलीनं घर सोडायचं, जिथे दुसरी चेटकीण नाही असं गाव शोधायचं आणि तिथे वर्षभर स्वतःच्या हिमतीवर राहायचं, अशी रीत. किकी पौर्णिमेच्या रात्री निघते. सोबत तिच्याशी बोलणारं जीजी नावाचं काळं मांजर, बाबांचा लाल रेडिओ आणि आईचा जुना झाडू. स्वतः केलेला नवा झाडू तिला न्यायचा असतो, पण आई ऐकत नाही.

चेटकीण हा शब्द इथे जरा अडचणीचाच. मराठी मुलाच्या डोळ्यांसमोर लगेच रंगमंचावरची चिंची चेटकीण येते, लांब नाकाची आणि नकली हसणारी. किकीच्या जगात चेटकीण म्हणजे गावातला एक व्यवसाय, वैदूसारखा. तिची आई काढे-औषधं करते, गावातल्या म्हाताऱ्या तिच्याकडे दुखण्यावर औषध न्यायला येतात. वाटेत भेटणारी दुसरी चेटकीण भविष्य सांगते. किकीला मात्र उडण्यापलीकडे काही येत नाही. आईकडून औषधं शिकायची राहूनच गेली. म्हणून कुरिअर. मूळ जपानी नावातला ‘ताक्क्युबिन’ हा शब्द यामातो या पार्सल कंपनीचा नोंदणीकृत ट्रेडमार्क. त्या कंपनीच्या बोधचिन्हात काळी मांजर पिल्लाला तोंडात धरून नेताना दिसते, आणि पुढे तीच कंपनी चित्रपटाची प्रायोजक झाली.

निर्मितीआधीच्या टिपणात मियाझाकींनी लिहून ठेवलं होतं, की या चित्रपटातली जादू म्हणजे साध्यासुध्या मुलींच्या अंगी असतं तसं एखादं कसब, तेवढीच मर्यादित ताकद. ही अट पुढे कुठेही मोडलेली नाही. किकी उडते म्हणून तिला कोणी डोक्यावर घेत नाही. पोलीस रहदारीबद्दल दरडावतो, हॉटेलवाला मोठं माणूस सोबत नाही म्हणून खोली देत नाही. बेकरीवाली ओसोनो तिला ठेवून घेते तेही व्यवहारानंच. दुकान सांभाळायचं, बदल्यात खोली आणि फोन फुकट, वर सकाळचा नाश्ता. भांडीकुंडी आणायला गेल्यावर भाव बघून किकीचा चेहरा पडतो आणि आता काही दिवस पॅनकेकवर भागवावं लागणार असं ठरतं. पहिली गिऱ्हाईक ‘किती द्यायचे?’ विचारते तेव्हा दर काय लावायचा हे किकीनं ठरवलेलंच नसतं. घर सोडून पहिल्यांदा खोली करून राहिलेल्या कुणालाही हा पंधरा-वीस मिनिटांचा भाग उडण्याच्या दृश्यांपेक्षा जास्त ओळखीचा वाटेल.

आता बिघाडाकडे. सुरुवात हेरिंग मासा आणि भोपळा घातलेल्या ‘पाय’पासून होते, म्हणजे मैद्याच्या पारीखाली सारण भरून भट्टीत भाजलेल्या पदार्थापासून. एका आजीला नातीच्या वाढदिवसाच्या जेवणासाठी पाय पाठवायचा आहे, पण विजेची भट्टी तापतच नाही. आजी म्हणते, राहू दे, पैसे घेऊन जा. किकी न केलेल्या कामाचे पैसे घ्यायला तयार होत नाही. घरात जुनी लाकडाची भट्टी आहे, किकीला त्या कामाचा घरचा सराव आहे, ती जाळ करते आणि पाय तयार होतो. हा सगळा भाग शांतपणे, घाई न करता दाखवलाय, आणि तिथेच वेळ गेलाय. संध्याकाळी तिला टोम्बो नावाच्या मुलाच्या पार्टीला जायचं असतं. वाटेत पाऊस. ती चिंब भिजते, पण पाय कोरडा राखते. दारात नात येते, डबा बघून म्हणते, नको म्हटलं होतं तरी पाठवलाच, मला हा पाय आवडत नाही. दार बंद. भांडण नाही की पार्श्वसंगीताचा मारा नाही. किकी गुमान परत येते, पार्टी बुडते आणि रात्री ताप चढतो.

ती नात दुष्ट वगैरे नाही, हे ध्यानात घ्यायला हवं. कुरिअर आणणाऱ्याशी सगळे जसे वागतात तसंच ती वागते. फक्त आपण ती भट्टी पेटताना पाहिलेली असते.

हा पाय घरी करून बघणारे बरेच असतात आणि बहुतेकांचा तो तळाशी ओला राहतो. दोष भोपळ्यातल्या पाण्याचा. अर्धा किलो लाल भोपळा उकडू नका, फोडी करून भट्टीत भाजा आणि मग कुस्करा. हेरिंग आपल्याकडे मिळत नाही, पण तारली तिच्या जवळची आणि तशीच तेलकट. आठ तारल्यांचा काटा काढून तुकडे करा, मीठ-मिरपूड लावा. पांढऱ्या सॉससाठी ३० ग्रॅम लोणी, ३० ग्रॅम मैदा, ३०० मिली दूध, आणि तो चमच्याला चिकटेल इतका दाट हवा. वरच्या पारीला २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम गार लोणी, तीन-चार चमचे बर्फाचं पाणी. सारण पूर्ण निवल्याशिवाय पारी घालायची नाही. गरम सारणावर लोणी वितळतं, पारी खाली बसते आणि वर कातलेला पिठाचा मासा घसरून ओळखू येईनासा होतो. वाफेला दोन चिरा द्या आणि २०० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं भाजा.

परत किकीकडे. बरी झाल्यावर ओसोनो मुद्दाम असं पार्सल देते की ते टोम्बोच्याच हाती पडावं. टोम्बो म्हणजे जपानीत चतुर, तो पंखांचा किडा. गोल चष्म्यामुळे पडलेलं टोपणनाव. दोघं त्याच्या पंख्याच्या सायकलवरून समुद्राकडे जातात, किकी कितीतरी दिवसांनी पोट धरून हसते. तेवढ्यात त्याचे मित्र गाडीतून येतात, आणि त्यांच्यात ती ‘पाय’ नाकारणारी नात. किकीचा चेहरा बदलतो, ती तडक चालत घरी निघते. इथे प्रेक्षक टोम्बोकडे बघत राहतात आणि खरी गोष्ट निसटते. ती घरी येते तेव्हा जीजी शेजारच्या पांढऱ्या मांजरीकडे निघालेला असतो. तिचं मन मोकळं करायचं ठिकाणच त्या वेळी जागेवर नसतं. तो परत येतो तेव्हा नुसतं म्यॅव. आधी मांजर, मग झाडू. ती घाबरून उतारावर धावते, झाडूवर उड्या मारत राहते, आपटते, आणि आईचा झाडू मोडतो.

म्हणजे कारण एक नाही. कामाचं चीज न होणं, आपल्या वयाच्या मुलींसमोर स्वतःचा काळा झगा खुपणं, आणि जे आजवर विचार न करता जमत होतं त्याकडे पहिल्यांदाच विचार करून बघणं. यातलं शेवटचं सर्वांत घातक. सायकल चालवताना पायांकडे बघायला लागलं की तोल जातो, तसंच.

उडणं कसं रेखाटलंय ते बघितलं की हे आणखी स्पष्ट होतं. किकी उठण्याआधी प्रत्येक वेळी ठरावीक खुणा दिसतात. खालून वारा येतो, गवत गोलाकार आडवं होतं, झगा फुगतो, केस हळूहळू वर उठतात, झाडूच्या काड्या फिसकारतात, आणि मग पाय जमीन सोडतात. उतारावरच्या त्या रात्री यातली एकही खूण दिसत नाही. तिचं वजन निव्वळ वजन असतं. शेवटी ती झाडूऐवजी लांब दांड्याच्या ब्रशवर बसते तेव्हा याच खुणा परत येतात. संवाद न ऐकताही मुलाला कळतं, की आता उडणार.

मधल्या काळात ती जंगलातल्या चित्रकार मुलीकडे, उर्सुलाकडे राहते. उर्सुलाचा सल्ला अगदी घरगुती. जमत नसेल तर काढत राहायचं, काढत राहायचं, तरीही नाही जमलं तर काढणं थांबवायचं. फिरायचं, डुलकी काढायची. जपानी आवृत्तीत किकी आणि उर्सुला या दोघींना आवाज एकाच अभिनेत्रीचा आहे, मिनामी ताकायामा यांचा. चार-पाच वर्षांनी मोठी किकीच तिच्याशी बोलतेय, असं ऐकताना वाटतं. हे लक्षात न येण्याइतकं काम त्यांनी सफाईनं केलंय.

म्हणून भाषा कुठली निवडता याला इथे फार महत्त्व आहे. १९९८च्या डिस्नेच्या इंग्रजी आवृत्तीत जीजीला फिल हार्टमन यांचा खवचट पुरुषी आवाज दिला, मूळ चित्रपटात जिथे शांतता आहे तिथे विनोद घातले, गाणी बदलली. आणि शेवटी किकीच्या खांद्यावर चढलेला जीजी चक्क परत बोलतो. मूळ जपानीत जीजीचा आवाज रेइ साकुमा यांचा, बारीक, किकीच्याच मनातला वाटावा असा. शेवटी तो फक्त म्यॅव करतो, आणि किकी त्याला गाल लावते. उडणं परत येतं, मांजराची भाषा येत नाही. हा फरक पुसला की चित्रपटाचा कणाच जातो. २०१०च्या इंग्रजी आवृत्तीत यातले बरेच बदल काढून टाकले. कुठली आवृत्ती लागलीय हे ओळखायला सोपं आहे. किकी रेडिओ लावते तेव्हा युमी आराई यांचं सत्तरच्या दशकातलं जपानी गाणं वाजलं तर ठीक. इंग्रजी गाणं लागलं, तर बंद करून आवाजाची भाषा बदला.

गावाबद्दल थोडंसं. कोरिको काल्पनिक आहे, पण छपरं आणि गल्ल्या स्वीडनमधल्या व्हिस्बी आणि स्टॉकहोमच्या. मियाझाकी १९७१मध्ये एका दुसऱ्याच मालिकेच्या हक्कांसाठी तिकडे गेले होते. ते काम फिसकटलं, पण व्हिस्बी डोक्यात राहिलं. या युरोपात दुसरं महायुद्ध झालेलंच नाही, म्हणून कृष्णधवल टीव्ही आणि गॅसच्या अवाढव्य फुग्याचं हवाई जहाज (एअरशिप) एकाच काळात सुखानं नांदतात.

शेवटी ते हवाई जहाज भरकटतं आणि टोम्बो त्याला लटकून राहतो, तो प्रसंग कादंबरीत नाही. चित्रपटाला धावपळीचा शेवट हवा म्हणून तो आला, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात कमी लक्षात राहणारा भाग तोच. त्यातली एक गोष्ट मात्र सोडू नये. झाडू मोडलेला असल्यानं किकी रस्ता झाडणाऱ्या आजोबांकडून फरशी घासायचा लांब दांड्याचा ब्रश मागून घेते, नक्की परत देईन म्हणते. तो ब्रश तिचं ऐकत नाही, भिंतींवर आपटतो, मध्येच खाली जातो. टोम्बोचा हात ती शेवटच्या क्षणी पकडते. गर्दीत ते आजोबा ज्याला त्याला सांगत सुटतात, तो ब्रश मी दिलाय. आणि श्रेयनामावली चालू असताना नीट बघा, किकी अजून त्याच ब्रशवरून पार्सलं पोचवतेय. आजोबांना तो मिळालेला नाही.