कुंभार्ली घाटातले पाच दगड

गुहागरचे तीन दिवस उत्तम गेले. समुद्र, सुरूचे बन आणि आईच्या इच्छेखातर दोनदा घेतलेले व्याडेश्वराचे दर्शन यांविषयी पुन्हा कधीतरी लिहीन, कारण त्या सहलीतले मनात घर करून बसले आहेत ते परतीच्या वाटेवरचे, कुंभार्ली घाटातले दोन तास.

चूक माझीच होती. शिरगावपासूनच इंजिनाच्या तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकला होता, पण घाटमाथ्यावर चहाला थांबायचेच आहे, तेव्हा पाहू, असे म्हणून मी घाटाच्या पायथ्याचे पोफळी गाव मागे टाकले. अर्ध्या चढावर बॉनेटमधून वाफ येऊ लागली आणि एका आंधळ्या वळणाच्या जेमतेम वीस पावले पुढे मला गाडी बंद करावी लागली. जुलैचा पाऊस आणि असे दाट धुके, की बॉनेटपलीकडचा रस्ता दिसेना. चारही इंडिकेटर चालू करून मी स्वस्थ बसलो. आई, पत्नी, मुलगा सगळे आतच होते, कारण बाहेर पाऊस होता, आणि गाडीइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही असे आम्हां सर्वांनाच वाटत होते. विम्याबरोबर मिळालेल्या मदतक्रमांकावर फोन लागेना. रेंज नव्हती. आपल्या कंपनीचे नेटवर्क नसले तरी ११२ हा क्रमांक दुसऱ्या उपलब्ध नेटवर्कवरून लागू शकतो, हे मला ठाऊक होते आणि त्या घबराटीत आठवले नाही.

तेवढ्यात मागच्या वळणातून एक पिकअप आला आणि करकचून ब्रेक लावत आमच्यापासून हातभर अंतरावर थांबला. चिपळूणला भाजी उतरवून पाटणला परतणारा तो चालक खाली उतरला, तोच संतापून.

“साहेब, माणसं आत कशाला ठेवलीत? आजी, आधी खाली उतरा.”

आई भिजायला तयार नव्हती. त्याने वाद घातला नाही, स्वतःच्या डोक्यावरचे इरले तिच्या डोक्यावर ठेवले आणि डावीकडचे दार उघडले. मी सर्वांना डोंगराच्या कडेला उभे करू लागलो, तर त्याने एकदा मान वर करून ओली दरड पाहिली आणि त्यांना गाडीपासून बरेच पुढे, रस्ता रुंद होतो तिथे नेऊन बसवले. गाडीला मागून धक्का बसला, तर ती अंगावर येऊ नये, एवढे अंतर त्याने राखले होते. मग त्याने माझ्याकडून पहिला गिअर टाकून घेतला, हँडब्रेक ओढून घेतला, पुढची चाके डोंगराकडे वळवून घेतली आणि मागच्या चाकांना दोन दगड लावले. उरलेले तीन दगड आणि करवंदीच्या फांद्या त्याने वळणाच्या अलीकडे, खालून येणाऱ्याला वळण घेण्यापूर्वीच दिसतील अशा ठेवल्या. कंपनीने गाडीसोबत दिलेला लाल परावर्तक त्रिकोण माझ्याकडेही होता, पण तो डिकीत, फणस आणि चार बॅगांच्या खाली. हे त्याला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

रेडिएटरचे झाकण उघडायला गेलेला माझा हात त्याने झटकला, हे बरे झाले. उकळते पाणी तोंडावर उडाले असते. पाऊण तास इंजिन निवू दिल्यावर दिसले, की होज पाईप टोकाशी फाटला होता. त्याने तेवढा तुकडा कापला, क्लिप पुन्हा आवळली आणि ओहोळाचे पाणी बाटल्यांनी भरले.

मी निघण्याच्या घाईत होतो. तो मात्र पावसात मागे चालत गेला आणि रस्त्यावरचा एकेक दगड उचलून कडेला टाकू लागला. घाटात बिघडलेली गाडी निघून जाते आणि तिचे दगड रात्री एखाद्या दुचाकीवाल्यासाठी तिथेच राहतात. असे दगड चुकवताना मी कितीदा तरी शिव्या घातल्या आहेत आणि आज तेच करून निघालो होतो. चार दगड मिळाले. पाचवा घरंगळून पन्हळीत गेलेला सापडेपर्यंत त्याने मला गाडीत बसू दिले नाही.

हेळवाकपुढे धुके विरले. सरळ रस्त्यावर पुढे चाललेला त्याचा पिकअप एकाएकी कडेला थांबला. समोर तीन दगड आणि एक सुकलेली फांदी होती, आसपास गाडी कुठेच नव्हती. मीही मागे थांबलो आणि आधी डिकीतल्या बॅगा उपसायला घेतल्या.