मुळ्याचा पाला आणि युरियाची गोण

ठाण्यात जांभळी नाक्याच्या मंडईत मुळा घेणाऱ्यांकडे जरा लक्ष देऊन बघा, मुळ्याकडे कोणीच बघत नाही, सगळे पाला बघतात. पाला रुंद, हिरवागार, ताजा दिसला की जुडी पिशवीत. आता त्यात वाईट काही नाही म्हणा, आमच्याकडे पण पाल्याची भाजी त्याच दिवशी होते आणि मुळे फ्रीजमध्ये आठवडाभर लोळत पडतात. पण ह्या आपल्या सवयीवर तिकडे शेतात कुठलं खत पडणार ते ठरतं, हे मामाच्या शेतावर जायला लागल्यावर हळूहळू डोक्यात शिरलं.

मामाची शेती मुरबाड तालुक्यात, कल्याणहून माळशेजला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत. पावसाळ्यात भात, भात कापलं की विहिरीच्या पाण्यावर भेंडी, मुळा, थोडी काकडी आणि एका तुकड्यात रताळी. आजूबाजूला पण साधारण हेच, मुरबाड-शहापूरची भेंडी तर परदेशात पण जाते. मी दिवाळीनंतर जमेल तसा शनिवार-रविवार तिकडे असतो, काम कमी आणि गप्पाच जास्त, आणि गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी शेवटी खतावर येतातच. कोणी काय टाकलं, कोणाला काय लागू पडलं, कोणाचं जळालं.

तर मुळा. चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं पीक, म्हणजे विचार करायला वेळच नाही. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, उगवून दोन-तीन आठवडे झाले की मूठ मूठ युरिया फेकायचा, वरून पाणी द्यायचं, आणि चार-पाच दिवसांत पाला असा काळपट हिरवा होतो की बघणारा खूश. दिसतं ना लगेच! स्फुरदाचं (म्हणजे फॉस्फरसचं) तसं नाही, पोटॅशचं तर अजिबातच नाही, ते जे काही करतात ते जमिनीखाली करतात आणि उपटल्याशिवाय कळत नाही. पाल्यात तयार झालेली साखर खाली मुळात जायला पोटॅश लागतं, आणि नायट्रोजन जास्त झाला की झाड पालाच वाढवत बसतं, खाली मुळा बारीक राहतो. हे सगळं मामाला माहीत नाही असं नाही हं, मामा मला शिकवतो हे.

मग टाकतोस कशाला एवढा युरिया, असं मी विचारलं तर तो म्हणाला, अरे मुळा काय किलोवर जातो का?

आणि तिथेच सगळं आलं. मार्केटला पालेभाजीसारखा मुळ्याचा पण भाव जुडीवर, शेकड्याने लागतो. शंभर जुड्यांचे इतके. आता जुडीत मुळा पाव किलो आहे की अर्धा किलो हे कोणी तोलत नाही, जुडी भरलेली दिसली पाहिजे, आणि जुडी भरते पाल्याने. म्हणजे जे जुडीवर विकायचं तिथे युरिया, आणि जे काट्यावर चढणार तिथे पोटॅश आठवतं. कृषी विद्यापीठाची शिफारस काय आहे हा प्रश्न नंतरचा.

रताळ्याचं बघा ना, ते काट्यावर जातं. मामाच्या बांधाला लागून ज्यांची शेती आहे त्यांनी भातानंतर रताळ्याचे वेल लावले, महाशिवरात्रीला भाव मिळतो म्हणून, आणि भेंडीला टाकतात तसाच सवयीने रताळ्याला पण युरिया टाकत गेले. वेल असे माजले की वाफा दिसेना, जाणारे-येणारे म्हणायचे काय जोरात आहे रताळं. खणलं तर खाली पेन्सिलीएवढी मुळं. पुढच्या वर्षी त्यांनी शेणखत आणि सुपर फॉस्फेट लागवडीलाच देऊन टाकलं, युरिया अगदी नावाला, आणि मातीची भर देताना लाल पोटॅश. शिवाय वेल मधून मधून उचलून पलटी केले, कारण वेल जमिनीला टेकला की प्रत्येक पेरावर मुळं धरतो आणि सगळी ताकद त्यातच वाटली जाते. रताळी चांगली पोसली. आता ह्यातलं पोटॅशने किती आणि वेल उचलल्याने किती हे कोण सांगणार, ते स्वतः म्हणतात पोटॅश, त्यांची बायको म्हणते वेल तर मीच उचलले.

अजून एक भानगड म्हणजे फुटके मुळे. एका मुळ्याला दोन-तीन पाय फुटतात, वाकडे तिकडे होतात, आणि लगेच सगळे खताच्या नावाने बोटं मोडतात. त्यात थोडं खरं आहे, कच्चं शेणखत टाकलं तर मुळा फाटतो, वर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी पण येते, म्हणून शेणखत चांगलं कुजलेलंच पाहिजे, हातात घेतलं तर वास नको आणि गरम नको. पण आपल्याकडे दुसरं कारण जास्त मोठं आहे असं मला वाटतं आणि त्याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. भाताला चिखलणी करतो ना आपण, म्हणजे पाणी भरून मातीचा चिखल, वर्षानुवर्षं, त्याने खाली वीतभर खोलीवर एक घट्ट थर बसतो. भाताला तो हवाच असतो, पाणी धरून ठेवतो. तोच थर मुळ्याला नडतो, सोट मूळ सरळ खाली जातं आणि तिथे जाऊन अडतं, मग फुटणार नाही तर काय करणार. मामाने एका तुकड्यात भात निघून वाफसा आल्यावर, म्हणजे ओल बेताची झाल्यावर, खोल नांगरट केली आणि सपाट वाफ्याऐवजी उंच गादीवाफ्यावर मुळा टोकला, खत सगळीकडे तेच, आणि त्या तुकड्यातले मुळे सरळ लांब निघाले. म्हणजे गोण बदलायची गरजच नव्हती.

गाजर-बीट आमच्या पट्ट्यात कमी, ते घाटावरून येतं. टोकावड्याला चहाच्या टपरीवर ओतूरकडचे एक गृहस्थ भेटले होते, टेम्पो खाली करून परत चालले होते, त्यांच्याशी छान गप्पा झाल्या. घाटावरची मंडळी खताची भाषा वेगळीच बोलतात, नायट्रोजन-स्फुरद-पोटॅशच्या टक्क्यांच्या आकड्यांमध्येच. एकोणीस एकोणीस सोडलं, मग बारा एकसष्ट, शेवटी झिरो झिरो फिफ्टी. ड्रिपमधून जातं सगळं. ते म्हणाले गाजर तडकलं की लोक खत बदलतात, पण तडकतं ते पाण्यामुळे, आठ दिवस कोरडं ठेवून मग एकदम भरपूर पाणी दिलं की तडकणारच. आणि बीट कापल्यावर आत काळे डाग दिसले तर बोरॉन कमी पडलंय, तेव्हा एन-पी-के (हीच तिन्ही) कितीही ओता, उपयोग नाही. पण बोरॉन हौसेने टाकायचं नसतं, थोडं जास्त झालं तरी विषारी होतं, हे त्यांनी मला बोट वर करून बजावून सांगितलं, जसा काही मी उद्याच बीट लावणार होतो.

आता पैशाचं बोलू, कारण खरी मेख तिथेच आहे. युरियाची ४५ किलोची गोण २६६ रुपये ५० पैशांना. (आधी ५० किलोची यायची, २०१८ पासून ४५ ची झाली.) डीएपीची (ह्यात नायट्रोजन आणि स्फुरद दोन्ही) ५० किलोची गोण १३५० ला, आणि पोटॅश तर विचारूच नका. हातात पैसे कमी असतील तर माणूस काय उचलणार? सरकार सबसिडी युरियावर सगळ्यात जास्त देतं आणि वर तेच सरकार संतुलित खत वापरा म्हणून पोस्टर लावतं, मला तरी ह्याची गंमत वाटते. त्यात पुन्हा लिंकिंग. पॉस मशीनवर अंगठा लावून, आधार देऊन युरिया घ्यायला गेलात की दुकानदार म्हणतो युरिया आहे, पण सोबत ही टॉनिकची बाटली घ्यावी लागेल. दुकानाचं नाव घेत नाही, नाव घेण्यात अर्थ पण नाही, कुठल्याही गावात विचारा. त्या बाटलीच्या पैशात निम्मी-पाऊण गोण सुपर फॉस्फेट आलं असतं. मामाच्या पडवीत अशा बाटल्या ओळीने उभ्या आहेत, काहींची सीलसुद्धा फोडलेली नाहीत.

भेंडीवर युरियाचा डोस वाढला तर काय होतं ते पण सांगतो, कारण इकडे पैसा भेंडीतच आहे. झाड लुसलुशीत होतं आणि तुडतुडे, मावा, पांढरी माशी सगळ्यांना आमंत्रण. पांढरी माशी आली की मागोमाग केवडा रोग, पानांच्या शिरा पिवळ्या, भेंडी पण पिवळट, मग औषध फवारणीचा खर्च. म्हणजे २६६ ची गोण शेवटी भलतीच महाग पडते. आणि एक्स्पोर्टवाले तर औषधाचे अंश सापडले की माल सरळ नाकारतात, तो माल मग इथेच आपल्या मंडईत येतो, हे ऐकून मी गप्पच बसलो.

माती तपासणीचं कार्ड मामाकडे आहे. २०१५ ला ती मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली त्यानंतर कधीतरी काढलेलं, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलंय. त्यात बारा गोष्टी तपासून दिलेल्या असतात, सामूपासून (माती आम्ल की अल्क ते) जस्त, बोरॉनपर्यंत. मामाची माती आम्लधर्मी आणि स्फुरद कमी. कोकणपट्टीत हे बऱ्याच ठिकाणी असतं, इतका पाऊस की जमिनीतला चुना धुऊन जातो, आणि लाल मातीतलं लोह-ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून बसतं, आपण टाकलं तरी झाडाला मिळत नाही. म्हणून फॉस्फेट वरून फेकण्यापेक्षा कुजलेल्या शेणखतात मिसळून ओळीत बियाच्या खालीच द्यायचं, मामा हे करतो आणि फरक दिसतो म्हणतो. युरियाचं पण तसंच, भर दुपारी कोरड्या वाफ्यावर फेकून ठेवला आणि पाणी दुसऱ्या दिवशी दिलं तर बराचसा अमोनिया होऊन हवेत जातो. पण पंपाची वीज रात्रीची असेल तर पाणी दुपारी आणायचं कुठून, हा त्याचा प्रश्न आणि माझ्याकडे उत्तर नाही. बरं, शेजारच्या शहापूरला तानसा, भातसा, वैतरणा सगळी मोठी धरणं आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर टँकर, तो विषय काढला तर ब्लॉग इथे संपणारच नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या डोक्यात आलं की मामाचा मुळा डायरेक्ट सोसायटीत विकू, किलोवर. घोडबंदर रोडला माझ्या मित्राची सोसायटी आहे, मोठी, ग्रुपवर मेसेज टाकला की ऑर्डर येतात. मामाने मुद्दाम त्या तुकड्यात नंतरचा युरिया दिला नाही, लागवडीला डीएपी आणि पोटॅश दिलं, मुळे मस्त आले, पांढरे, जाड, सरळ. पाला मात्र मध्यमच. गाडीत जागा कमी म्हणून आम्ही पाला छाटून फक्त मुळे क्रेटमध्ये भरून नेले. खाली गेटवर टेबल लावलं, पहिल्याच काकू आल्या, मुळा हातात घेऊन फिरवून बघितला, चांगला आहे म्हणाल्या, आणि मग विचारलं, पाला कुठाय? दुसऱ्या आल्या त्यांनी पण तेच. एकीने तर स्पष्ट सांगितलं की मुळा माझ्याकडे कोणी खात नाही, मला भाजीलाच हवा होता. दुपारपर्यंत निम्मा माल गेला, उरलेला मित्राच्या बायकोने पराठ्यांसाठी म्हणून मैत्रिणींना वाटला.

मामा काही बोलला नाही, हसला फक्त. ह्या वर्षी त्याने मुळ्याचे वाफे कमी करून रताळी वाढवलीत, आणि जे काही मुळ्याचे वाफे राहिलेत त्यात युरिया आधीसारखाच पडतोय.