ठोके मारणाऱ्या पंपाकडे

मित्राच्या डोंगरउतारावरच्या शेतावर जाताना शेवटचा तासभर ओढ्याच्या काठाकाठाने चालावे लागते. या खेपेला शेत दिसण्याआधीच तिथला पंप ऐकू आला. एरवी ‘थप् थप्’ असा मऊ बोलणारा तो घरगुती रॅम पंप लोखंडावर हातोडी पडावी तसे खणखणीत ठोके देत होता. वरच्या टाकीत पाणी जेमतेम ठिबकते, असे मित्राने आधीच कळवले होते. आवाज ऐकताच पंपावरच्या, धक्का झेलणाऱ्या हवेच्या भांड्यात हवा उरलेली नसावी, असा संशय आला.

या पंपाला वीज लागत नाही आणि इंधनही लागत नाही. उतारावरून वेगाने येणारे पाणी बाहेरच्या झडपेतून वाहते, वेग वाढला की तीच झडप ओढून मिटवते, आणि अडलेल्या पाण्याच्या धक्क्याने थोडे पाणी आतल्या झडपेतून वर चढते. आपोआप चालणारा असा पंप १७९६ मध्ये फ्रान्समध्ये जोसेफ मोंगोल्फिए याने केला. गरम हवेचा फुगा उडवणाऱ्या दोघा भावांपैकी हा एक. मित्राकडे २ मीटर उतार, १२ मीटर लांबीचा लोखंडी पाइप आणि १२ मीटर चढ आहे. मिनिटाला ३० लिटर पाणी येते. निम्मी कार्यक्षमता धरली तरी वर अडीच लिटर पोहोचायला हवे, म्हणजे १० लिटरची बादली ४ मिनिटांत भरायला हवी. आम्ही घड्याळ लावले, तर ११ मिनिटे लागली.

पाइपाच्या वरच्या तोंडाची जाळी स्वच्छ होती आणि पाण्यात पुरती बुडालेली होती. आतल्या झडपेचे रबरही नीट बसत होते. भांडे उघडले, तर ते काठोकाठ पाण्याने भरलेले. धक्का झेलायला हवेची गादीच नसल्याने प्रत्येक ठोका थेट पाइपांवर बसत होता. भांडे रिकामे करून पंप चालू केला, तर बाहेरची झडप मिटली ती मिटूनच राहिली, कारण चढाचा पाइप रिता झाला होता आणि झडप परत उघडायला लागणारा उलटा दाबच नव्हता. वीस-पंचवीस वेळा ती हाताने दाबली, तेव्हा कुठे पंपाने ताल धरला.

पण मित्र म्हणाला, “हे मी महिन्याभरात दोनदा करून बसलोय, पुन्हा तेच होतं.” दाबाखालच्या पाण्यात हवा हळूहळू विरघळते हे खरे, पण ती भरून काढायला आतल्या झडपेच्या खाली एक बारीक भोक ठेवलेले असते, ठोक्यानंतर पाणी क्षणभर मागे सरते आणि त्या भोकातून घोटभर हवा आत ओढली जाते. ते भोक कुठे आहे, असे विचारल्यावर मित्राने जरा ओशाळून पाइपवरच्या लांबीच्या (पुट्टीच्या) गोळ्याकडे बोट दाखवले. प्रत्येक ठोक्याला तिथून पिचकारी उडायची म्हणून त्याने ती ‘गळती’ बुजवून टाकली होती. (मी असतो तर कदाचित मीही तेच केले असते.)

लांबी खरवडून दीड मिलिमीटरच्या बिटाने भोक मोकळे केले. पिचकारी पुन्हा उडू लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी निघताना बादली सव्वाचार मिनिटांत भरली, आणि मित्र त्या भोकाभोवती लाल रंगाने गोल काढत बसला होता.