राग कुठं लिहायचा?
परभणीचं ऊन म्हणजे दुपारी घरातच बसा. विकत घेऊन उतरवलेल्या शास्त्रीय गायनाच्या फाइलींना आज टॅग लावले, म्हणजे गायक, अल्बम ही माहिती फाइलीतच लिहिली. २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ, आवाज एकदम स्वच्छ. पण प्लेअरमध्ये नाव काय, तर 'ट्रॅक ०१'! फाइली वेव्ह प्रकारच्या, आणि वेव्हचे टॅग सगळेच प्लेअर वाचत नाहीत, म्हणून आधी सगळं फ्लॅक या दुसऱ्या फाइल-प्रकारात बदललं. त्यात आवाजाचं काहीच जात नाही. गायक, अल्बम, साल पटापट भरलं. रागासाठी मात्र रकानाच नाही! 'जॉनर'मध्ये, म्हणजे संगीतप्रकाराच्या रकान्यात, मारवा राग लिहिणं काही पटंना. फ्लॅकमध्ये हव्या त्या नावाचा रकाना करता येतो, मग राग, ताल, तबला, हार्मोनियम असे वेगळे केले. आता मारवा शोधला की सगळे मारवे एका रांगेत. तबल्याचा रकाना बऱ्याच ठिकाणी रिकामाच. कव्हरवर साथीदारांची नावं छापायला कंपन्यांना काय जड जातं कुणास ठाऊक.