टेबल सॉचा शाफ्ट आणि बेअरिंग बदलताना: माझा अनुभव

जुळे सोलापूर भागात माझे सुतारकामाचे लहान वर्कशॉप आहे आणि चौकटी, खिडक्या, कपाटे अशी तिथली बहुतेक कामे एकाच टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडच्या करवतीवर होतात. २ एचपीची सिंगल फेज मोटर आणि १२ इंची ब्लेड असलेले हे मशीन वडिलांनी घेतले होते. गेल्या उन्हाळ्यात सागाच्या फळीचा उभा काप घेताना कडेवर काळपट डाग पडू लागले, कमानीसारख्या रेघा उठू लागल्या आणि प्रत्येक फळीवर एरवीपेक्षा जास्त रंधा मारावा लागू लागला. ब्लेडची धार गेली असावी असे समजून मी ते धार लावायला पाठवले आणि तोवर नवे ४० दातांचे टीसीटी, म्हणजे कार्बाइडच्या दातांचे ब्लेड चढवले. काप मात्र तसाच येत राहिला. मोजमाप न करता केलेला तो खर्च होता.

मग मशीनचा प्लग काढून पट्टे उतरवले आणि ब्लेड ज्यावर बसते तो दांडा, म्हणजे शाफ्ट, नुसता हाताने फिरवला. चांगले बेअरिंग अशा वेळी गुळगुळीत आणि बिनआवाज फिरते. इथे बोटांना बारीक वाळू दळल्यासारखी खरखर जाणवत होती, आणि ब्लेड दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवले की आत टक् असा आवाज येत होता. ब्लेड काढून फ्लँजच्या, म्हणजे ब्लेड ज्या चकतीला टेकते तिच्या तोंडाला डायल (बारीक फरक काट्यावर दाखवणारे मापक) लावला तेव्हा एका फेऱ्यात काटा ०.१२ मिमी सरकला. ही चूक फार मोठी वाटत नाही, पण फ्लँजचा व्यास साधारण ७५ मिमी आणि ब्लेडचा ३०५ मिमी असल्यामुळे ती दातांपाशी चौपट होते, म्हणजे जवळजवळ अर्धा मिलिमीटर. त्यात मोटरचे १४४० फेरे पुलीमुळे दुप्पट होऊन शाफ्ट मिनिटाला सुमारे २८८० फेरे फिरतो, म्हणजे दातांचा वेग सेकंदाला ४६ मीटरच्या आसपास जातो. या वेगाने अर्धा मिलिमीटर डोलणारे ब्लेड फळीच्या कडेला घासत आणि जाळतच जाणार.

ब्लेडचा नट आमच्या मशीनवर उलट्या आट्यांचा आहे. ब्लेड ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने नट फिरवला की तो सुटतो, हे लक्षात ठेवल्यास आटे खराब होत नाहीत. शाफ्ट हाऊसिंगमधून (बेअरिंग धरून ठेवणाऱ्या भागातून) बाहेर काढल्यावर दोन्ही ६२०५ बेअरिंग समोर आली. या क्रमांकातील शेवटच्या ०५ ला ५ ने गुणले की आतला व्यास २५ मिमी निघतो. बाहेरचा व्यास ५२ आणि रुंदी १५ मिमी असते. जुन्या बेअरिंगना दोन्ही बाजूंनी पत्र्याची झाकणे होती आणि त्यांच्या फटीतून बारीक भुसा आत जाऊन ग्रीसचा कडक काळा लगदा झाला होता. नवी बेअरिंग घेताना मी रबर सीलची, म्हणजे २आरएस लिहिलेली घेतली. भुशाच्या जागी तीच टिकतात, असे माझे ठाम मत आहे.

बेअरिंग बदलून काम संपेल असे वाटत होते, पण खरी झीज शाफ्टवर होती. ब्लेडच्या बाजूचे बेअरिंग पुलर (ओढून काढायचे अवजार) न लावता हातानेच निघाले, तेव्हाच शंका आली. आतली रिंग शाफ्टवर घट्ट बसलेली असायला हवी. ती सैल होऊन शाफ्टवर घसरत राहिली होती आणि तिथे आरशासारखा चकचकीत पट्टा पडला होता. मायक्रोमीटरने तिथे २४.९४ मिमी माप मिळाले. अशा बैठकीवर नवे बेअरिंग चढवले तरी ते काही दिवसांत पुन्हा फिरू लागणार, हे उघड होते.

शाफ्ट घेऊन मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका लेथवाल्या अण्णांकडे गेलो. यंत्रमागांच्या दुरुस्तीत त्यांचे आयुष्य गेले आहे. ते म्हणाले, "मालक, बैठकीवर पंच मारून देतो, बेअरिंग घट्ट बसेल. तासाभरात घेऊन जावा." पंच मारल्याने टोकदार उंचवटे उठतात आणि रिंग फक्त त्यांच्यावर टेकते, ते दबले की शाफ्ट पुन्हा सैल. मी म्हणालो, "नको अण्णा, ब्लेडसमोर मी स्वतः उभा असतो. नवा शाफ्टच करा." त्यांनी लगेच मान्य केले आणि ईएन८ या पोलादाचा गज लावला. बैठकीचे माप मी २५.००२ ते २५.०१५ मिमी यांच्यामध्ये मागितले होते. अण्णांनी शेवटचा हात पॉलिश पेपरने मारला, दर वेळी मायक्रोमीटर लावून पाहिला आणि २५.०१ वर थांबले. माझ्या आग्रहावरून फ्लँजचे तोंडही शाफ्ट त्याच पकडीत असतानाच छाटले, म्हणजे दोन्हींचा मध्य एकच राहिला.

बेअरिंग चढवताना आतल्या रिंगवर नेमका टेकेल असा पाइपचा तुकडा वापरला आणि त्यावरच हलके ठोके दिले. बाहेरच्या रिंगवर ठोकले असते तर सगळा मार गोळ्यांमधून गेला असता आणि नव्या बेअरिंगमध्ये पहिल्याच दिवशी खाचा पडल्या असत्या.

पट्टे दोन होते आणि एकालाच चिरा पडल्या होत्या, तरी दोन्ही एकाच मापाचे नवे घातले, कारण जुना-नवा जोडीने लावला की सगळा भार आखूड पट्ट्यावर येतो. पुल्यांच्या खाचांचा तळ चकाकत नव्हता, म्हणून त्या ठेवल्या. पट्टा पूर्वी मी गरजेपेक्षा घट्ट ओढत असे आणि त्याचा ताणही बेअरिंगवर आला असणार. या वेळी दोन पुल्यांमधल्या ४०० मिमी अंतरात मधोमध अंगठ्याने दाबून ६ मिमीच्या आसपास दबेल इतकाच ताण ठेवला.

सर्वांत जास्त वेळ ब्लेड टेबलच्या खाचेला समांतर करण्यात गेला. एका दातावर खडूची खूण केली, तोच दात पुढे आणून खाचेपासूनचे अंतर मोजले, मग तोच मागे नेऊन पुन्हा मोजले. वेगवेगळे दात मोजले तर ब्लेडचाच वाक मापात शिरतो. हाऊसिंगचे बोल्ट अर्धवट सैल करून, लाकडी हातोडीने टकटक करत, चौथ्या खेपेस फरक ०.०५ मिमीवर आला. फ्लँजवर डायलचा काटा आता ०.०२ मिमीच हलत होता.

या मशीनला ब्लेडमागे कापाची चीर उघडी ठेवणारी पाती मुळात नव्हतीच. ती नसली की फळीची चीर मागे मिटून ब्लेडला आवळते आणि फळी अंगावर उसळते. तो धोका मी इतकी वर्षे पत्करत होतो, हे मला आता बरोबर वाटत नाही. ब्लेडने पडणारी चीर ३.२ आणि ब्लेडचा पत्रा २.२ मिमीचा असल्याने २.५ मिमी जाडीची पाती करवून घेतली आणि दातांपासून ५ मिमीवर हाऊसिंगलाच बसवली, म्हणजे ब्लेड वर-खाली केले तरी हे अंतर बदलत नाही.

पहिला काप चार फुटी सागाच्या पट्टीचा घेतला. कडेवर डाग नव्हता आणि बोट फिरवल्यावर रेघही लागत नव्हती. दोन दिवसांच्या कामानंतर नवे पट्टे थोडे ताणले गेले होते, ते पुन्हा जुळवले आणि बेअरिंगचा क्रमांक, पट्ट्याचे माप आणि महिना मशीनच्या दाराच्या आतल्या बाजूस ऑइल पेंटने लिहून ठेवला.